चित्रातला लांडगा आपल्या माळावरचा असू द्या



मुलांना "लांडग्याचं चित्र काढा" असं सांगितलं की वर्गात साधारण दोन प्रकारचे लांडगे तयार होतात. पहिला दाट केसांचा, मानेभोवती आयाळ असल्यासारखा. मागे बर्फ, टोकदार झाडं, वर गोल चंद्र आणि लांडगा तोंड वर करून ओरडतोय. दुसरा म्हणजे गल्लीतला मोत्या. फक्त दात करवतीसारखे आणि डोळे लालभडक. पहिला लांडगा मोबाईलमधून आलेला असतो, दुसरा गोष्टीतून. आपल्या सातारा-सांगलीच्या माळावर फिरणारा खरा लांडगा या दोन्हींत कुठेच नसतो.

कोणी म्हणेल, काय फरक पडतो? चित्रच तर आहे. माझं म्हणणं असं की फरक पडतो, आणि तो फक्त चित्रकलेच्या तासापुरता नाही. तिसरी-चौथीच्या मुलाला लांडग्याचं अंग बरोबर काढायला शिकवणं म्हणजे त्याला आपल्याच परिसरातला एक प्राणी नीट बघायला आणि ओळखायला शिकवणं आहे. हा परिसर अभ्यासाचाच धडा आहे. तो वहीऐवजी ड्रॉइंगच्या कागदावर होतो, एवढंच.

लांडगा आपल्याकडचाच

आपल्या दोन्ही जिल्ह्यांची गंमत बघा. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि पूर्वेला माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ या पट्ट्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास. पश्चिमेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं दाट जंगल. पूर्वेला गवताचे माळ, बोरी-बाभळी, तरवड, मेंढरांचे कळप आणि टेकड्यांवर पवनचक्क्या. लांडगा हा या दुसऱ्या बाजूचा प्राणी. त्याला दाट जंगल नको, मोकळा माळ हवा. म्हणून शिराळा, पाटण, कराडकडच्या मुलांना उसातला बिबट्या माहीत असतो, आणि माण-जतकडच्या मुलांना लांडगा.

शास्त्रात या लांडग्याचं नाव कॅनिस ल्युपस पॅलिपेस. पॅलिपेस म्हणजे फिकट पायांचा. हे नाव विल्यम हेन्री साईक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३१ साली दिलं, आणि ते दिलं दख्खनमधल्या प्राण्यांची यादी करताना. म्हणजे जगाला हा लांडगा शास्त्रीय नावानं कळला तो आपल्या दख्खनच्या पठारावरून. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तर असं दिसलं की भारतीय लांडगा हा जगातल्या करड्या लांडग्यांच्या अतिशय जुन्या आणि वेगळ्या शाखांपैकी एक आहे. भारतात त्यांची संख्या सुमारे तीन हजार असावी असा अंदाज आहे. देशातल्या वाघांची अधिकृत गणना याहून जास्त भरते. वाघाचं चित्र प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतं. लांडग्याचं असतं का?

आमच्या पिढीनं दूरदर्शनवर मोगली बघितला. 'द जंगल बुक' हे पुस्तक १८९४ सालचं, आणि त्यातले लांडगे मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरातले. म्हणजे अकेला हासुद्धा भारतीय लांडगाच. पण पडद्यावर तो बहुतेक वेळा परदेशी लांडग्यासारखाच रंगवला जातो. मुलं जे बघतात तेच काढतात, त्यांचा दोष नाही. दाखवणाऱ्यांनी म्हणजे आपण वेगळं काही दाखवायला हवं.

मग तो दिसतो कसा?

आता थोडं चित्राकडे येऊ. डी.एड.ला फलकलेखनात आम्हाला प्राणी काढायची सोपी रीत शिकवली होती. दोन गोल, एक मान, चार काड्या. ही रीत चांगली आहे, ती सोडायची नाही. फक्त गोल आणि काड्या कुठे, किती, हे प्राणी ठरवतो.

पहिली गोष्ट, मापं. आपला लांडगा खांद्यापाशी साधारण ६० ते ७० सेंटिमीटर उंच, म्हणजे वर्गातल्या टेबलापेक्षा थोडा बुटका. वजन २० किलोच्या आसपास. मुलांना सांगा, दुसरीतल्या एखाद्या मुलाएवढं. हे ऐकून वर्ग एकदम शांत होतो, कारण गोष्टीतला लांडगा त्यांच्या डोक्यात म्हशीएवढा असतो.

दुसरी गोष्ट, पाय. पाठीपासून छातीच्या तळापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच किंवा थोडं जास्त अंतर छातीपासून जमिनीपर्यंत ठेवायचं. मुलं पाय नेहमी आखूड काढतात, मग लांडग्याचं डुक्कर होतं. लांडगा दिवसाला मैलोन्‌मैल चालणारा प्राणी, त्याचे पाय लांब आणि सडपातळच असणार. छाती खोल पण अरुंद, पुढचे पाय एकमेकांच्या जवळ. समोरून चित्र काढलं तर दोन पायांत फार जागा ठेवायची नाही.

तिसरी गोष्ट, मागचा पाय. इथे मोठ्यांचीही गडबड होते. लांडग्याचा गुडघा उलटा आहे असं आपल्याला वाटतं. तो उलटा नाही. मागे वळलेला जो सांधा दिसतो ती त्याची टाच आहे. गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. हे समजवायला फळ्याची गरज नाही. मुलांना उभं करा आणि चवड्यावर उभं राहायला सांगा. टाच हवेत गेली? आता गुडघे थोडे वाकवा. झालं, तुम्ही लांडग्यासारखे उभे आहात. मग विचारा, शेळी कशावर उभी असते? ती तर त्याहून पुढे, बोटांच्या टोकावर. खूर म्हणजे तिची नखं. माणूस पूर्ण तळव्यावर, लांडगा बोटांवर, शेळी नखांवर. पाच मिनिटांत तीन प्राण्यांचे पाय कळतात आणि ही गोष्ट मुलं वर्षभर विसरत नाहीत.

चौथी गोष्ट, खांदा. आपल्या गळ्याखाली आडवं हाड असतं, हासळी म्हणतो ते. लांडग्याला तसं खांदा जखडून ठेवणारं हाड नसतं. त्याचा खांद्याचा फरा स्नायूंच्या आधारानं मागेपुढे सरकतो, म्हणून त्याची ढांग लांब पडते. मान खाली घालून चालताना दोन्ही फऱ्यांची टोकं पाठीच्या वर आलेली दिसतात. चित्रात मानेमागे एवढा एक उंचवटा दाखवला की प्राणी चालायला लागतो.

पाचवी गोष्ट, डोकं आणि तोंड. नाकाड लांब, आणि कपाळापासून नाकापर्यंत उतार सावकाश. बऱ्याच कुत्र्यांत तिथे ठळक खाच असते. कान मोठे आणि उभे. डोळे पिवळसर, बाहुली गोल. खोकडाची बाहुली उभ्या चिरेसारखी असते, लांडग्याची नाही. दात एकूण ४२, वर २० आणि खाली २२. कुत्र्यालाही तेवढेच. पण तोंड मिटलेलं असताना ते दिसत नाहीत! प्रत्येक चित्रात दात विचकलेला लांडगा काढायची काही गरज नाही. तोही दिवसाचा बराच वेळ नुसता झोपलेला किंवा बसलेला असतो.

सहावी गोष्ट, शेपूट. ती खाली लोंबते, साधारण टाचेपर्यंत. गावठी कुत्र्यासारखी पाठीवर वळलेली नसते. कुत्रा आणि लांडगा लांबून ओळखायची ही सोपी खूण आहे.

शेवटी रंग आणि केस. उन्हाळ्यात केस आखूड, हिवाळ्यात थोडे वाढलेले. रंग वाळलेल्या गवतासारखा. पिवळट तपकिरी, पाठीवर काळसर छटा, पोट आणि पाय फिके. तेलखडूनं करायचं असेल तर आधी फिका तपकिरी, मग पाठीवर काळ्याचा हलका हात, आणि बोटानं पुसून घ्यायचं. माळाच्या रंगात तो मिसळून गेला पाहिजे. चित्रात लांडगा पटकन दिसत नसेल तर ते चित्र बिघडलं असं समजू नका, तो खरोखरच असा दिसतो.

भीमाला वृकोदर म्हणतात. वृक म्हणजे लांडगा, उदर म्हणजे पोट. आपण मुलांना सांगतो, भीम खूप खायचा म्हणून हे नाव. पण लांडग्याचं चित्र नीट काढलं की मुलंच विचारतात, "बाई, याचं पोट तर आत गेलंय, मग भीम जाडा कसा?" प्रश्न बरोबर आहे. लांडगा मिळेल तेव्हा भरपूर खातो, आणि नाही मिळालं की उपाशी राहतो. भूक मोठी, पण पोट पाठीला लागलेलं. चित्रामुळे एका शब्दाचा अर्थ असा नव्यानं कळला.

ज्यानं बघितलाय त्याचं ऐका

मी आधी सांगली जिल्ह्यात जतकडे होते, आता साताऱ्यात माणमध्ये आहे. दोन्हीकडे माझ्या वर्गात मेंढपाळांची मुलं. दिवाळीनंतर काहींचे आईवडील मेंढरं घेऊन बाहेर पडतात, कोणाच्या तरी रानात मेंढरं बसवतात, रात्री वाघरात कोंडतात आणि जागं राहतात. या मुलांनी लांडगा बघितलेला असतो. पुस्तकात नाही, खराखुरा.

काही वर्षांपूर्वी एका चित्रकला स्पर्धेला आमची मुलं गेली होती. विषय होता वन्यप्राणी. चौथीतल्या एका मुलानं लांडगा काढला. लांब पाय, मोठे कान, मातकट रंग, मान खाली, मागे नांगरलेलं रान. ते बघून तिथले एक गुरुजी हसत म्हणाले, "अरे, हे तर उपाशी कुत्रं काढलंयस!" बक्षीस मिळालं ते चंद्राकडे बघून ओरडणाऱ्या केसाळ लांडग्याला. येताना गाडीत तो मुलगा रडला वगैरे नाही. शांतपणे म्हणाला, "बाई, त्यांनी लांडगा बघितला नसंल."

मला वाईट वाटलं ते बक्षिसाचं नाही. या मुलाला इंग्रजीत, गणितात रोज कोणीतरी सांगत असतं की तुला येत नाही. ज्या एका गोष्टीत त्याला सगळ्या स्पर्धेपेक्षा जास्त माहिती होती, तिथेही आपण त्याला चूक ठरवलं, आणि तेही नेटवरचं चित्र प्रमाण मानून. असं दोन-चारदा झालं की मूल स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडून देतं. बक्षिसापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्यालाच फळ्यापाशी उभं केलं. लांडगा कसा चालतो, कुत्री भुंकली की काय करतो, मेंढरू कुठे धरतो, सगळं त्यानं सांगितलं. मुलं विचारत होती, तो उत्तरं देत होता. मी मागच्या बाकावर बसून फक्त ऐकलं.

ओळखीचा उपयोग

या ओळखीचा व्यवहारातही उपयोग आहे. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच त्याला संरक्षण आहे. लांडग्यानं मेंढरू मारलं तर शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी वनखात्याला लगेच कळवावं लागतं आणि पंचनामा होतो. भटक्या कुत्र्यांनी मारलं असेल तर वन्यप्राण्यांची ही भरपाई लागू होत नाही. मग पायाचा ठसा कोणाचा, जनावर कसं दिसत होतं, शेपूट कशी होती, हे घरातल्या माणसाला सांगता यायला हवं. ठशाचंच बघा. लांडग्याच्या ठशात चार बोटं आणि पुढे नखांच्या खुणा दिसतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत. चौथीचं मूल हे सहज शिकू शकतं.

दुसरं, कुत्रा आणि लांडगा यांच्या संकराचा प्रश्न आता आपल्या दारात आलाय. पुणे जिल्ह्यात असा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. ज्याला मूळ लांडगा कसा दिसतो हेच माहीत नाही, त्याला वेगळं काही दिसलं तरी कळणार कसं?

तिसरं म्हणजे माळ. कागदोपत्री अनेक ठिकाणी माळाची नोंद पडीक जमीन म्हणून असते. मुलाच्या चित्रात लांडगा बर्फात राहत असेल, तर खिडकीबाहेरचा माळ त्याला रिकामाच वाटणार. लांडग्यामागे कुसळी गवत, बोर, ससा, लांब दिसणारी पवनचक्की आणि मेंढरं काढली, की तोच माळ कोणाचं तरी घर होतो.

दोन शंका

पालक विचारतात, "मुलांना मनानं काढू द्यावं की, कशाला चुका काढायच्या?" पहिली-दुसरीला मी अजिबात चुका काढत नाही. त्या वयात निळा लांडगा चालतो, पंख असलेलाही चालतो. पण नऊ-दहा वर्षांचं मूल स्वतःच विचारतं, "बाई, हे बरोबर दिसत नाही, काय चुकलं?" तेव्हा "छान आहे, छान आहे" म्हणून त्याची बोळवण करायची नाही. त्याला पायाचा सांधा दाखवायचा. कल्पना करायलाही डोक्यात आधी काहीतरी साठलेलं लागतं.

दुसरी शंका शिक्षकांची. "शिष्यवृत्तीला लांडगा येत नाही, वेळ कुठून काढायचा?" दोन तासिका पुरतात. एका तासाला चवड्यावर उभं राहणं, मापं आणि कच्चं चित्र. दुसऱ्या तासाला रंग आणि मागचा माळ. मापात गणित आलं, पायात विज्ञान आलं, माळात भूगोल आला. चित्राखाली पाच वाक्यं लिहायला सांगितली की भाषाही आली.

एक काळजी मात्र घ्या. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांच्या बातम्या आल्या होत्या आणि त्या पालकांनी वाचलेल्या असतात. अशा घटना विरळ असतात, पण लांडगा जंगली प्राणी आहे हे मुलांना स्पष्ट सांगायचं. चित्रासाठी त्याच्या मागे जायचं नाही. बीळ किंवा पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, मोबाईलवर फोटो काढायला थांबायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक वर्गात लिहून ठेवा. निरीक्षणासाठी गावातला कुत्रा आहेच. त्याचे सांधे तेच, हाडं तीच. आधी कुत्रा बघून काढायचा, आणि मग लांडग्यात काय काय वेगळं आहे ते बदलायचं. फोटो दाखवणार असाल तर मोबाईलवर नुसतं लांडगा न शोधता "भारतीय लांडगा" असं शोधा आणि तो फोटो भारतातलाच आहे ना, एवढं तपासा.

आणि चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या कागदावर मळकट रंगाचा, लांब पायांचा, सडसडीत प्राणी दिसला तर लगेच बाजूला ठेवू नका. त्या मुलाला जवळ बोलवा आणि विचारा, "बाळा, हा तू कुठे बघितलास?" उत्तर ऐकून मगच गुण द्या.